सायरन, साडेतीनशे रुपये

एक लाख दहा हजारांना घेतली, चौदा वर्षांची,
रंग कागदोपत्री चंदेरी.
इंजिन बघा, इंजिन, म्हणाले कारखानीस.
बघितलं.
विजेचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही.

आठवड्याभरात कळलं:
हॉर्न दाबला की वायपर एकदा सलाम ठोकतो.
डावा इंडिकेटर घाईत, उजवा विचार करून.
आणि एका फ्यूजच्या जागी
सिगारेटच्या पाकिटातली चांदी, नीट घडी घातलेली.
मी रक्तपेढीत काम करते.
चुकीच्या जागी चालून गेलेली गोष्ट बघितली
की माझ्या पोटात खड्डा पडतो.

मग सायरन.
जीवाजीगंजातली मे महिन्याची रात्र, लाईट गेलेली,
पाणी मारलेल्या गच्च्यांवर गल्ली आडवी झालेली,
आणि तीनच्या सुमाराला ही ओरडते.
आधी रुग्णवाहिका, मग कोंबडा,
मग असा एक आवाज, ज्याचा प्राणी अजून जन्मायचाय.
कुणी हात लावलेला नाही. मांजरानेही नाही.
रिमोट दाबते. ऐकत नाही.
गाऊनवर ओढणी, दातांत टॉर्च,
दहाच्या पान्याने बॅटरीची पट्टी सैल करते
तेव्हा कुठे गप्प.
वरून सुभेदार तोमर, निवृत्त, म्हणाले, "बेच दो."
चौथ्या रात्री ते नुसतेच खोकले.

पडावच्या पुलाखाली बैजनाथ कुशवाह.
डॅशबोर्डखाली डोकं घालून तो उलटा झोपला
आणि आतूनच म्हणाला, "जामें दो दिमाग हैं, मैडम."
एक कंपनीचा, एक नंतर कुणी बसवलेला,
दोघांचं पटत नाही.
उन्हाने पाघळलेली काळी टेप
नखाने सोलत सोलत तो एका तारेमागे निघाला.
ती तार ना इंजिनाकडे गेली, ना डिकीकडे.
चटईखाली एक बटण, खाटेशेजारी असतं तसलं,
आणि तिथून सरळ डाव्या दारात.
फक्त डाव्या.
चोर डावीकडूनच येणार, हे कुणी ठरवलं?
दिवसभर तापलेली पत्ती रात्री आकसते, तो म्हणाला,
आणि गाडीला वाटतं, दार उघडलं.

मी कारखानीसांना फोन लावला, पुण्याला.
जरा तणतणतच.
"ते होय," ते म्हणाले. मग बराच वेळ पंख्याचा आवाज.
"ही रात्री उठायची.
पर्स घेऊन, चपला घालून, गाडीत जाऊन बसायची.
उज्जैनला, माहेरी.
कुलूप लावलं तर दार हातांनी बडवायची.
म्हणून म्हटलं कुलूप नको, आपल्याला नुसतं कळू दे.
खाली जायचो, शेजारी बसायचो.
एकदा नेली पडावपर्यंत, म्हटलं आलं उज्जैन.
काच खाली करून बघितलं तिने.
म्हणाली, सगळे झोपलेत हो, चला परत."
मग म्हणाले, "गाडी विकताना काढायचं राहिलं.
सॉरी हं."

बैजनाथ पक्कड हातात धरून उभा होता.
"काट दूँ?"
मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
झोप मलाही लागते, सकाळची ड्यूटी सातला.
साडेतीनशे झाले.
भोंगा त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिला,
बटण राहू दे म्हटलं, ते राहिलं.

आता गाडी रात्रभर गप्प.
तीनला मीच जागी होते,
कठड्याशी जाऊन खाली बघते,
डावं दार बंद असतं.
काल तोमर भेटले, म्हणाले, फिरायला जायला
हल्ली जागच येत नाही वेळेवर.

हॉर्न दाबला की वायपर अजून सलाम ठोकतो.
ते पुढच्या पगाराला.